गाडी बदलली, आता गाडी तपासणाऱ्यांनी काय बदलायचं?

साताऱ्यातल्या शोरूममध्ये उभी असलेली कुठलीही नवी गाडी तिथे पोहोचण्याआधी परीक्षा देऊन आलेली असते. म्हणजे अगदी तीच गाडी नव्हे, तिच्या मॉडेलच्या सुरुवातीच्या काही मोजक्या गाड्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो, की नव्या मॉडेलचा नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. अशा संस्थांपैकी आपल्याला सगळ्यात जवळची पुण्याची एआरएआय, १९६६ साली सुरू झालेली, वेताळ टेकडीवरची. शिवाय भोसरीची सीआयआरटी आहे, अहिल्यानगरची व्हीआरडीई आहे, हरियाणात मानेसरला आयकॅट, चेन्नईजवळ जीएआरसी, आणि इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स, जिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला. या तपासणीला टाइप अप्रूव्हल म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा, तसाच हा प्रकार. थोड्या गाड्या नीट पारखायच्या आणि त्यांच्या भरवशावर लाखो गाड्यांना परवानगी द्यायची. पुढे कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांमधून अधूनमधून नमुने उचलून, माल पहिल्यासारखाच निघतोय ना, हेही बघतात.

दुसरी तपासणी आपल्या जास्त ओळखीची, ती म्हणजे पासिंग. टेम्पो, ट्रक, वडापची जीप, शाळेची बस, ही सगळी वाहनं आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेससाठी न्यावी लागतात. घरच्या मोटारीवर ही वेळ थेट १५ वर्षांनी येते, नोंदणीचं नूतनीकरण करताना. एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१०, म्हणजे सातारा, कराड किंवा सांगलीच्या पाटीची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी त्या रांगेत उभं राहावंच लागतं.

या दोन तपासण्यांच्या मधे पीयूसी सोडली तर काहीच नसतं. इतकी वर्षं ते चालून गेलं, कारण गाडी मुख्यतः लोखंडाची होती. ती झिजायची, गंजायची, पण तिचा स्वभाव बदलत नव्हता. आता तिच्यात शेकडो व्होल्टची बॅटरी आली, रस्ता बघणारे कॅमेरे आले, आणि मालक झोपलेला असताना इंटरनेटवरून बदलणारं सॉफ्टवेअर आलं. अशी गाडी एकदाच, जन्माच्या वेळी, मोठ्या शहरातल्या संस्थेत तपासून भागत नाही. तपासणी गाडीच्या मागोमाग जिल्ह्यापर्यंत यायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं. त्यासाठी मोठ्या संस्थांना काय बदलावं लागतंय आणि सातारा-सांगलीसारख्या ठिकाणी काय उभं राहू शकतं, ते सविस्तर बघू.

टेस्ट बेडवर आता काय बसवायचं?

इंजिन तपासायची खोली म्हणजे टेस्ट बेड. इंजिन लोखंडी पायावर घट्ट बसवायचं, त्याचा शाफ्ट डायनॅमोमीटरला, म्हणजे रोजच्या भाषेत डायनोला जोडायचा, आणि डायनोने त्या फिरण्याला विरोध करायचा. किती विरोध सोसून इंजिन किती वेगाने फिरतं, यावरून त्याची ताकद कळते. आपल्या पट्ट्याला ही गोष्ट नवी नाही. १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आणि साताऱ्यातले डिझेल इंजिनांचे कारखाने यांमुळे इंजिन, पंप आणि त्यांच्या चाचण्या इथल्या अनेक घरांत रोजच्या बोलण्यात असतात.

जुने बरेचसे डायनो एडी करंट पद्धतीचे आहेत. इंजिनाने दिलेली शक्ती ते गिळतात, तिची उष्णता होते आणि ती उष्णता पाणी वाहून नेतं. इंजिनासाठी एवढं पुरतं, कारण इंजिन फक्त शक्ती देतं. इलेक्ट्रिक मोटर दोन्ही बाजूंनी काम करते. पाय ॲक्सिलरेटरवर असतो तेव्हा मोटर चाक फिरवते. पाय उचलला की चाक मोटरला फिरवतं, त्यातून वीज तयार होते आणि बॅटरीत परत जाते. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. हे तपासायचं तर डायनोला मोटर फिरवताही आली पाहिजे, आणि ते एडी करंटच्या यंत्राला जमत नाही. त्यासाठी एसी डायनो लागतो. त्याचा एक फायदा असा, की मोटरकडून घेतलेली वीज तो पाण्यात न घालवता परत वापरात आणू शकतो. महिनोन्महिने चालणाऱ्या टिकाऊपणाच्या चाचण्यांत या एका गोष्टीने वीजबिलात मोठा फरक पडतो.

वेगाचाही प्रश्न आहे. पेट्रोल मोटारीचं इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतं, ट्रकचं डिझेल इंजिन त्याच्या निम्मेसुद्धा नाही. इलेक्ट्रिक मोटारीची मोटर १५ हजारांच्या घरात किंवा त्याही पुढे जाते. इतक्या वेगाला शाफ्टचा बॅलन्स केसभर जरी चुकला तरी कपलिंग तुटून खोलीभर उडू शकतं. म्हणजे पाया, बेअरिंग, कपलिंग आणि संरक्षक जाळी सगळंच नव्याने करावं लागतं. डिझेलच्या टाकीच्या जागी बॅटरी एम्युलेटर येतो. हा बॅटरीचं सोंग घेणारा वीजपुरवठा असतो. ४०० किंवा ८०० व्होल्टची, अर्धी संपलेली, थंडीने गारठलेली, जशी हवी तशी बॅटरी तो बटणावर वठवतो. खरी बॅटरी तितकी संपवत, तितकी थंड करत बसायचं तर प्रत्येक चाचणीत दिवस गेले असते.

पण म्हणून जुने बेड भंगारात काढले तर ती मोठी चूक ठरेल. आपल्याकडे नवं येतं तेव्हा जुनं जात नाही. रस्त्यावर पेट्रोल आहे, डिझेल आहे, सीएनजी आहे, हायब्रिड आहे, वीज आहे, आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिसळलं की दर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळणार, हा साधा गुणाकार आहे. इंजिनाची रचना त्या इंधनासाठी केली असेल तर काही भाग भरून निघतो, जुन्या इंजिनात निघत नाही. शिवाय जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील इथेनॉलमध्ये वर्षानुवर्षं भिजल्यावर कसे राहतात, हा वेगळाच विषय. कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस, इथल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांचं इथेनॉल आणि ते पोटात घालून शेतावर जाणारी दहा-पंधरा वर्षं जुनी मोटारसायकल, असं हे चक्र आहे. ते तपासण्याची गरज जेवढी दिल्लीची आहे तेवढीच आपली आहे.

बॅटरी आणि आयर्विन पुलाचं पाणी

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याच काळात इतरत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीची मानकं कडक केली. दुचाकी-तीनचाकीसाठी एआयएस-१५६ आणि मोटारी, बस, मालवाहू वाहनांसाठी एआयएस-०३८. नवे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

या चाचण्यांत बॅटरी हादरवतात, एकदम गरम करून एकदम थंड करतात, मुद्दाम शॉर्ट करतात, गरजेपेक्षा जास्त चार्ज करतात, तिच्याखाली आग लावतात. त्यातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. बॅटरी म्हणजे शेकडो, कधी हजारो छोटे सेल. एखाद्या सेलच्या आतला पातळ पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी भडकते, आणि मग ती बाहेरून थांबवता येत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. चाचणीत एक सेल मुद्दाम त्या अवस्थेत नेतात आणि बघतात, की आग शेजारच्या सेलपर्यंत पसरते का, आणि प्रवाशांना इशारा मिळून बाहेर पडायला वेळ मिळतो का. थोडक्यात, सेल बिघडणारच असं धरून चालायचं आणि त्यानंतर काय होतं ते तपासायचं.

हे काम नेहमीच्या शेडमध्ये करता येत नाही. स्फोट सोसणाऱ्या भिंती लागतात, विषारी वायू शोषून स्वच्छ करणारी यंत्रणा लागते, माणसं लांब बसून कॅमेऱ्यावर बघतात. आणि चाचणी संपली म्हणजे धोका संपला असंही नाही. अमेरिकेत मे २०११ मध्ये शेवरोले व्होल्टची खांबावर आदळून चाचणी झाली. गाडी ठीक दिसली म्हणून आवारात उभी करून ठेवली. तीन आठवड्यांनी ती तिथेच पेटली आणि शेजारच्या गाड्याही जळाल्या. धडकेत बॅटरीला इजा झाली होती, आत कूलंट झिरपला होता आणि बॅटरीत चार्ज शिल्लक होता. तेव्हापासून चाचणी केंद्रांच्या कामात एक नवी पायरी आली. आपटलेल्या गाडीची बॅटरी रिकामी करायची किंवा गाडी इतरांपासून दूर, मोकळ्या जागेत ठेवायची आणि तिच्या तापमानावर लक्ष ठेवायचं. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांची धडक चाचणी सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळतात. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत आतल्या पुतळ्यांना किती लागलं याबरोबर बॅटरीचं काय झालं हेही बघावं लागतं. अपघातग्रस्त गाड्या ठेवणारं पोलिस ठाण्याचं आवार आणि गॅरेजचा मागचा वाडा यांनाही हीच काळजी लागू पडते, आणि तिथपर्यंत ही माहिती अजून फारशी पोहोचलेली नाही.

आता पाण्याचं बघू. बॅटरीच्या जाहिरातीत आयपी-६७ असं लिहिलेलं असतं. त्यातला ७ सांगतो, की ती एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवली तरी अपाय होईल इतकं पाणी आत जात नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या चौकातून गाडी काढायला हे पुरेसं आहे. पण सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा पाणी घरांत आणि पार्किंगमध्ये अर्ध्या तासाने उतरलं नव्हतं. ते दिवसच्या दिवस तसंच होतं, आणि सोबत गाळ होता. शिवाय ही चाचणी होते नव्या बॅटरीवर. पाच वर्षं खड्ड्यांतून आदळलेल्या, गॅस्केट कडक झालेल्या बॅटरीचं पुरात काय होतं, याची हमी आयपी-६७ देत नाही.

पूर ओसरल्यावर पेट्रोल गाडीचं काय करायचं ते सांगलीतल्या प्रत्येक मिस्त्रीला तोंडपाठ आहे. चावी फिरवायची नाही, ऑइल काढायचं, प्लग खोलायचे. इलेक्ट्रिक गाडी बाहेरून धुऊन चकाचक करता येते, ती सुरूही होते, आणि आत साचलेला ओलावा हळूहळू गंज चढवत राहतो. ती सुरक्षित आहे की नाही हे मोजूनच कळतं, आणि मोजता येतंही. त्यासाठी इन्सुलेशन रेझिस्टन्स बघतात, म्हणजे बॅटरीची वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपते का ते. आंतरराष्ट्रीय नियमात डीसी भागासाठी दर व्होल्टमागे किमान १०० ओहम आणि एसी भाग जोडलेला असेल तर ५०० ओहम, अशी मर्यादा आहे. ४०० व्होल्टच्या गाडीला ५०० ने गुणलं की २ लाख ओहम होतात. मीटरने त्याहून कमी दाखवलं की गाडी बाजूला काढायची. हे मोजायचं उपकरण हातात मावतं आणि कामाला काही मिनिटं लागतात. मात्र मोजणाऱ्याला हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण हवं, हातात १००० व्होल्टचे रबरी मोजे हवेत आणि शेजारी दुसरा माणूस हवा. पूरपट्ट्यातल्या जिल्ह्यात ही सोय आधी यायला हवी, कारण पूर आल्यावर ती उभी करायला वेळ मिळत नाही.

पसरणी घाटात काय घडतं

प्रयोगशाळेत गाडी रोलरवर पळते. वारा नाही, वळण नाही, चढ नाही, वेगाचं वेळापत्रक ठरलेलं. याचा गैरफायदा घेता येतो हे २०१५ मध्ये जगाला कळलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमाप करणारं यंत्र थेट गाडीत ठेवून ती रस्त्यावर पळवली. रोलरवर स्वच्छ दिसणाऱ्या फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या रस्त्यावर कितीतरी पट जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. परीक्षा चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर त्यांच्यात होतं. त्यानंतर डिकीत बसवलेलं, धुराड्याला जोडलेलं ते फिरतं यंत्र, म्हणजे पेम्स, नियमांचाच भाग झालं. आपल्याकडे बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा निकष एप्रिल २०२० ला आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा, रस्त्यावरच्या चाचणीसह.

तरीही रस्ता म्हणजे कुठला रस्ता, हा प्रश्न उरतोच. युरोपच्या नियमात या चाचणीचा प्रवास दीड ते दोन तासांचा असतो आणि दर १०० किलोमीटरमागे एकूण चढाई १२०० मीटरपेक्षा जास्त चालत नाही. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, आणि मधला पसरणी घाट १२-१३ किलोमीटरचा. फक्त घाटापुरता हिशेब केला तर चढाई त्या मर्यादेच्या चौपट भरते. सपाट युरोपीय शहराभोवती आखलेली परीक्षा आणि रोज पाचगणीला भाजी पोचवणारा टेम्पो यांची गाठ क्वचितच पडते.

उतारावर तर आणखी काही घडतं. अवजड वाहनांच्या ब्रेकची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. त्यात ६ टक्के उतारावरून ६ किलोमीटर, ताशी ३० किलोमीटरने उतरायचं असतं, म्हणजे उंचीत सुमारे ३६० मीटर. पसरणीत ६०० मीटर उतरावं लागतं. आता समजा पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावून, बॅटरी पूर्ण भरून कुणी सकाळी घाट उतरायला निघालं. दीड टनाची गाडी ६०० मीटर खाली येताना जवळजवळ अडीच युनिट वीज होईल इतकी ऊर्जा सोडते. त्यातली काही हवेचा आणि टायरचा विरोध खातो, बाकीची एरवी बॅटरीत गेली असती. पण बॅटरी भरलेली असेल तर तिला जागाच नाही. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग कमी होतं किंवा बंदच होतं, आणि सपाटीवर एरवी फारसे न लागणारे साधे ब्रेक एकटे सगळा भार घेतात. चालकाच्या पायाला गाडी अचानक वेगळी वाटते. त्यामुळे बॅटरी ९५ टक्क्यांच्या वर असताना लांब उतार, ही चाचणी प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीवर मुद्दाम घ्यायला हवी, आणि तिच्यासाठी कृत्रिम टेकडी बांधायची गरज नाही. पसरणी आहे, आंबेनळी आहे, पाटणकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली आहे. ठरावीक दिवशी, पहाटेच्या वेळी, पोलिसांच्या परवानगीने रस्त्याचा तुकडा मोजमापासाठी वापरायचा, एवढीच व्यवस्था लागते.

गाडीला ऊस दिसतो का?

समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या आता आपल्याकडेही विकल्या जातात. कॅमेरा आणि रडार मिळून समोर काय आहे ते ओळखतात. हे तपासायला फोमची खोटी मोटार बुटक्या चाकांच्या फळीवर ठेवून पळवतात, म्हणजे धडकली तरी खऱ्या गाडीचं नुकसान होत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये ३२ एकरांवर एमसिटी नावाचं खोटं शहरच उभं केलं. तिथे चौक आहेत, सिग्नल आहेत, इमारतींचे नुसते दर्शनी भाग आहेत.

पण आपल्या रस्त्यावरची खरी परीक्षा वेगळी आहे. नोव्हेंबर ते मार्च, गळीत हंगाम. इस्लामपूर, कराड, पलूस कुठल्याही बाजूला रात्री निघा. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हात-दोन हात आलेल्या उसाच्या मोळ्या, आणि मागचा दिवा असलाच तर उसाआड झाकलेला. वेग ताशी १५-२०. मागून ८० ने येणाऱ्या गाडीच्या कॅमेऱ्याला मोटारीची पाठ ओळखायला शिकवलेलं असतं, कारण त्याला दाखवलेल्या लाखो चित्रांत मोटारीच जास्त. रडारला धातू ठळक दिसतो, उसाचा ढीग तितका ठळक दिसेलच असं नाही. मग ट्रॉलीच्या जागी पोकळी समजून गाडी पुढे जाईल का, हे कुणीतरी आधी तपासायला नको का? फोमची मोटार बनते तशी फोमची उसाची ट्रॉली बनवणं अवघड नाही. तिला खऱ्या ट्रॉलीसारखं रडारला दिसणं भाग आहे, म्हणजे खऱ्या ट्रॉल्यांची हंगामात मोजणी करावी लागेल. हे काम सांगली-साताऱ्यातच होऊ शकतं. एकदा इथल्या रस्त्यांची अशी मोजलेली माहिती जमली, की तोच प्रसंग संगणकावर धुक्यात, पावसात, समोरून दिव्यांचा झोत असताना, हजारो वेळा खेळवता येतो. गाडीचा खरा कंट्रोलर टेबलावर ठेवून त्याला हे खोटं जग दाखवायचं, याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात. चाचणी संस्थांचं पुढचं मोठं काम तिथेच आहे. संगणकावरचा निकाल अधूनमधून खऱ्या रस्त्यावर पडताळून बघितला नाही तर मात्र त्याला किंमत नाही.

सॉफ्टवेअरचं दुखणं इथेच जोडलेलं. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरी बसून, मैलोगणती दूर हायवेवर चाललेल्या जीपचा ताबा इंटरनेटवरून घेऊन दाखवला. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेट यांचे दोन नियम मंजूर झाले, आर-१५५ आणि आर-१५६. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानकं तयार झाली. त्यांचा गाभा असा, की नुसती गाडी तपासून थांबायचं नाही. कंपनी अपडेट कसं तयार करते, कसं पाठवते, ब्रेक किंवा स्टीअरिंगवर परिणाम होणार असेल तर पुन्हा मंजुरी घेते का, हेही तपासायचं. म्हणजे चाचणी संस्थेत आता मेकॅनिकलच्या माणसाशेजारी संगणकाचा माणूस बसायला हवा, आणि दोघांना एकमेकांची भाषा यायला हवी.

पासिंगच्या रांगेत

२०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंग धोरणाबरोबर स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले. गाडी रोलरवर चढवायची, प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो ते यंत्र मोजणार, हेडलाइट, स्पीडोमीटर, चाकांचं सरकणं, धूर, सगळे आकडे थेट सर्व्हरवर. कुणाच्या ओळखीवर निकाल फिरू नये हा हेतू चांगला आहे आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त ही केंद्रं कालच्या गाड्यांसाठी आखलेली राहू नयेत.

पीयूसीचं उदाहरण घ्या. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातले कण पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो वारंवार चोक होतो म्हणून काही जण तो आतून पोकळ करून घेतात. पीयूसीचं स्मोक मीटर धुराचा काळेपणा बघतं. नव्या इंजिनाचा धूर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे फिल्टर काढलेली गाडीही सहज पास होते, आणि अतिसूक्ष्म कण मात्र कित्येक पटींनी बाहेर पडत राहतात. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२२-२३ मध्ये यावर उपाय केला. त्यांनी ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत कणांची संख्या मोजणारं यंत्र आणलं. फिल्टर फुटलाय की नाही हे त्यात क्षणात दिसतं. आपल्या पीयूसी केंद्रांना पुढे हीच वाट आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना पीयूसी लागत नाही, तेव्हा त्यांचा धंदा तसाही घटणार. त्यांच्या हाती इन्सुलेशन टेस्टर आणि कण मोजणारं यंत्र दिलं तर तेच केंद्र, तीच टपरी कामात राहील. नुसतं सर्टिफिकेट देणारी जागा न राहता ती उपयोगाची होईल.

जुनी इलेक्ट्रिक गाडी विकत घेणाऱ्याचा प्रश्नही इथेच सुटू शकतो. बॅटरीत किती जीव उरलाय? गाडीचा स्वतःचा कंप्युटर एक आकडा दाखवतो, पण तो विकणाऱ्याच्याच गाडीचा साक्षीदार. त्रयस्थाने मोजायचं तर पूर्ण चार्ज करून पूर्ण उतरवायची, त्यात सगळा दिवस जातो. युरोपात थोडा वेळ जोरात गाडी पळवून, त्या वेळचा करंट आणि व्होल्टेज वाचून अंदाज देणाऱ्या झटपट चाचण्या निघाल्या आहेत. तसा छापील अहवाल साताऱ्यात मिळू लागला तर सेकंड हँड बाजार एकदम मोकळा होईल.

पैसा कुठे घालायचा

मोठं केंद्र काढायला अफाट खर्च येतो आणि तंत्र बदललं की यंत्र निरुपयोगी होतं. त्यामुळे पुण्याला जे आहे तेच साताऱ्यात पुन्हा बांधण्यात अर्थ नाही. जेमतेम ११० किलोमीटरवर सगळं उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये नूनईटनजवळच्या जुन्या धावपट्टीवर १९४६ मध्ये सुरू झालेल्या मिरा या संस्थेने ट्रॅकशेजारी कंपन्यांना जागा दिली, आणि आज तिथे अनेक कंपन्यांचे अभियंते यंत्रं वाटून वापरतात. आपल्याला यातून घेण्यासारखी गोष्ट वाटून वापरण्याची आहे.

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या, साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतल्या लहान कारखानदारांना याची खरी निकड आहे. ब्रेक ड्रम, हाउसिंग (म्हणजे बाहेरचं कवच), ब्लॉक ओतणाऱ्या फौंड्रीला उद्या मोटरच्या ॲल्युमिनियम हाउसिंगची ऑर्डर मिळवायची तर ग्राहक आधी रिपोर्ट मागतो. हादरे सोसतं का, खाऱ्या फवाऱ्यात किती तास टिकतं, पाणी आत जातं का. प्रत्येक नमुना बाहेर पाठवायचा, रांगेत थांबायचं, फेल झाला की साचा दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. तोवर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. एक व्हायब्रेशन टेबल, एक सॉल्ट स्प्रे चेंबर, पाण्याची टाकी आणि तापमान बदलणारी खोली एवढं जरी दहा-वीस कारखान्यांनी मिळून उभारलं आणि आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घेतली, तर तो रिपोर्ट देशभर चालतो.

मान्यतेचं काम यंत्रापेक्षा माणसांवर अडतं. मोजमापात किती चूक असू शकते ते स्वतः लिहून देणारा, कॅलिब्रेशनची तारीख उलटली तर ग्राहक समोर उभा असतानाही मशीन बंद ठेवणारा तंत्रज्ञ घडवायला वेळ लागतो. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून, इस्लामपूरजवळ साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये ऑटोमोबाइल शाखा आहे, शिवाय गावोगावचे आयटीआय. अशी लॅब यांपैकी एखाद्याच्या आवारात असेल तर दिवसा कारखान्यांचे नमुने तपासले जातील आणि त्याच यंत्रावर मुलं शिकतील. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला खोट्या प्रोजेक्टऐवजी कुपवाडच्या खऱ्या हाउसिंगचा फेल रिपोर्ट लिहायला मिळेल.

माझ्या हिशेबाने खर्चाचा क्रम असा हवा. पहिल्या वर्षी हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेली माणसं आणि इन्सुलेशन टेस्टर, सातारा, कराड, सांगली तिन्हीकडे, आणि पूरग्रस्त गाड्यांसाठी मोकळी, वेगळी जागा. त्यानंतर सुट्या भागांची सामायिक लॅब. कण मोजणारी यंत्रं नियम आल्यावर घेतली तरी चालतील, पण पीयूसी चालवणाऱ्यांचं शिक्षण त्याआधी सुरू करावं. घाटातली आणि हंगामातली मोजणी पुण्याच्या संस्थांना आमंत्रण देऊन, त्यांच्याच यंत्रांवर आणि आपल्या मुलांच्या हातून करून घ्यावी. पुढचा गळीत हंगाम नोव्हेंबरात सुरू होईल. ट्रॉल्यांची पहिली मोजणी तेव्हाच करता येईल, त्यासाठी परवानग्यांचे अर्ज पावसाळ्यातच टाकावे लागतील.